लांडी कोंबडी बाजारात नेऊ नका

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच दर वर्षी घरोघरी एक तक्रार सुरू होते. सात-आठ कोंबड्यांमागे रोज दोन-तीन अंडी मिळत होती, ती आता आठवड्याला दोन-तीनवर आली. खुराड्यात हात घालावा तर हाताला नुसते गवत लागते. मग कोणी म्हणते थंडी बाधली, कोणी म्हणते दृष्ट लागली, आणि शेजारची एखादी जाणती बाई सांगते, “कोंबड्या आटल्या गं बाई, विकून टाक.” पुढच्या आठवडी बाजारात त्या कोंबड्या पाय बांधून डालग्यात बसतात.

या विकण्याविषयीच आज बोलायचे आहे. अंडी कमी होणे हा निसर्गाचा क्रम आहे आणि तो दोन-अडीच महिन्यांत आपोआप सरतो. नुकसान होते ते त्या दोन-अडीच महिन्यांत आपण चुकीची कोंबडी घराबाहेर काढतो म्हणून. अंड्यांचा पैसा हा घरातल्या बाईच्या हातचा पैसा. कापसाच्या आणि सोयाबीनच्या पट्टीचा हिशेब कारभारी करतात. पोराची वही, मिठाची पुडी, माहेरी जायचे एसटीचे भाडे मात्र पुष्कळदा अंड्यांतून निघते. म्हणून ही गोष्ट लहान समजू नका.

पहिला प्रश्न थंडीचा. थंडीमुळे अंडी आटतात हे आपण इतक्या खात्रीने म्हणतो की त्यावर कोणी शंकाच घेत नाही. परभणीची थंडी काही थोडीथोडकी नव्हे, काही वर्षी इथला पारा पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे. पण कोंबडीच्या अंगावर पिसांची गोधडी असते आणि तिचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, सुमारे ४१ अंश. आपल्याला हुडहुडी भरते तेव्हा ती पिसे फुलवून निवांत बसलेली असते. थंडीने तिची भूक वाढते, हे खरे. अंडी थांबण्याचे मुख्य कारण मात्र थंडी नव्हे.

याचा पुरावा फार दूरच्या मुलखातला आहे. कॅनडात एडमंटन येथे विल्यम रोवन नावाचे एक प्राध्यापक होते. तिथली थंडी म्हणजे पाणी दगड होऊन बसते अशी. त्यांनी ऐन हिवाळ्यात काही रानचिमण्या उघड्यावरच्या पिंजऱ्यात ठेवल्या आणि संध्याकाळी दिवा लावून त्यांचा दिवस थोडा थोडा लांबवत नेला. त्या गोठवणाऱ्या थंडीतही त्या पाखरांची अंगे वसंत ऋतूत यावी तशी वीणीला आली. १९२५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. थंडी तशीच होती, बदलला होता तो उजेड.

त्यानंतर दहा वर्षांनी फ्रान्समध्ये झाक बनुवा या शास्त्रज्ञाने बदकांवर प्रयोग केले, ते तर याहून नवलाचे. डोळ्यांनी दिसत नसलेल्या बदकांवरही उजेडाचा तोच परिणाम झाला. म्हणजे पाखराला दिवस कळतो तो केवळ डोळ्यांतून नव्हे. कवटीचे हाड पातळ, त्यातून उजेड आत झिरपतो आणि मेंदूच्या एका भागाला जाऊन भिडतो. तो भाग मेंदूखालच्या ग्रंथीला इशारा देतो, ग्रंथी रक्तात रस सोडते आणि त्या रसामुळे अंडाशयात बलक धरू लागतात. दिवस लहान होत चालला की हा इशारा मंदावतो आणि बलक धरायचा थांबतो.

आता हा दिवस आपल्याकडे किती लहान होतो ते पाहू. हिशेबासाठी सेलू तालुक्यातले वालूर गाव धरू. वालूरची बारव पुष्कळांनी पाहिली असेल. गोल गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची ती विहीर आता लांबलांबचे लोक येऊन पाहतात. मे महिन्याच्या मध्यावर भर दुपारी वालूरला सूर्य अगदी डोक्यावर येतो. मार्गशीर्षात त्याच बारवेपाशी दुपारी उभे राहा. सूर्य दक्षिणेकडे चांगलाच कललेला असतो आणि दक्षिण काठाची सावली आत पडलेली असते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वालूरला सूर्य सकाळी ६ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी ५ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास मावळतो. दिवस जेमतेम ११ तासांचा. जूनमध्ये तोच सव्वातेरा तासांचा असतो. फरक सव्वादोन तासांच्या वर जातो. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो असे कुक्कुटशास्त्र सांगते. व्यापारी फार्मवर बारा महिने अंडी मिळतात ती याचमुळे, तिथे पहाटे-संध्याकाळी दिवे जळत असतात.

पण इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. लंडनला उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या दिवसांत साडेआठ तासांहून अधिक फरक पडतो. आपल्याकडे तो सव्वादोन तासांचा. तेव्हा आपल्या अंगणात सारे खापर एकट्या उजेडावर फोडता येत नाही. उजेडाबरोबर आणखी दोन गोष्टी याच वेळी येऊन मिळतात. एक म्हणजे पिसांची झड, आणि दुसरी खाण्याची.

पिसांची झड आधी घेऊ, कारण खरी फसगत तिथे होते.

वर्षभर वापरून जुनी झालेली पिसे कोंबडी दिवस लहान होऊ लागल्यावर टाकते आणि नवी घेते. मान उघडी पडते, पाठीवर कातडे दिसते, शेपूट गळून कोंबडी लांडी होते. अंगभर नव्या पिसांची खुंटे उभी राहतात आणि हात लावला की ती दुखल्यासारखी ओरडते. पीस हे जवळजवळ सगळे प्रथिनांचेच बनलेले असते. नवे कपडे शिवायला घेतलेली कोंबडी अंडे कोठून देणार? अंड्यालाही तेच प्रथिन लागते. म्हणून ती अंडे थांबवते. हे काम आठ ते बारा आठवडे चालते.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. सगळ्या कोंबड्या एकाच वेळी पिसे टाकत नाहीत. काही आषाढ-श्रावणातच टाकायला लागतात आणि एकेक पीस टाकत, रेंगाळत, पार हिवाळ्यापर्यंत नेतात. या कोंबड्या कमी अंड्यांच्या असतात. काही मात्र कार्तिकापर्यंत अंडी देत राहतात, आणि मग आठ-पंधरा दिवसांत भराभर सगळी पिसे टाकून एकदम उघड्या पडतात. या तुमच्या सर्वांत चांगल्या कोंबड्या. त्यांनी पिसे टाकायला उशीर केला कारण त्या अंडी देण्यात गुंतल्या होत्या.

मार्गशीर्षात बाजाराला जाताना खुराड्यात डोकावून पाहिले तर काय दिसते? लवकर पिसे टाकलेली आळशी कोंबडी नव्या पिसांनी चकचकीत, भरलेली, पाहणाऱ्याला आवडेल अशी. आणि वर्षभर राबलेली कोंबडी लांडी, मळकी, तुरा सुकलेला, रोगट दिसणारी. आपण चकचकीत ठेवतो आणि लांडी विकतो. लांडीला भावही मिळत नाही, ती गोष्ट वेगळीच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरी एक तांबडी कोंबडी होती. एका मार्गशीर्षात ती अशीच लांडी झाली. आईने ती बाजारात नेऊन मिळेल त्या भावाला दिली. घेणारी बाई निघाली आमच्याच गल्लीतली. तिने ती कापली नाही, ठेवून घेतली. संक्रांत झाली आणि दर दिवसाआड सकाळी त्या कोंबडीचे ओरडणे भिंतीपलीकडून ऐकू येऊ लागले. अंडे घातल्यावर कोंबडी कशी गाव गोळा करते ते तुम्हांला ठाऊकच आहे. आई चुलीपाशी काही बोलत नसे. पुढे एकदा अचानक पाहुणे आले, तेव्हा त्याच कोंबडीचे अंडे विकत आणायला तिने मला धाडले.

तर मग विकायची कोणती, हे ओळखायचे कसे? पिसांवर जाऊ नका, हाताने पाहा. रात्री कोंबड्या बसल्या की एकेक हळूच काढून घ्या. शेपटीखाली, विष्ठेच्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडे हाताला लागतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीची ही हाडे लवचिक असतात आणि त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज बसतात. जागा ओलसर, मोठी असते, पोट मऊ लागते, तुरा लाल आणि गुबगुबीत असतो. नुसती विसावा घेणारी कोंबडी असेल तर हाडे थोडी जवळ आलेली असतील, तुरा फिका असेल, पण अंगावर पिसांची खुंटे भरपूर सापडतील. ती कामाला लागलेली कोंबडी आहे, तिला हात लावू नका. पण जिचे पिसे टाकणे केव्हाच संपले, पिसे नवी आहेत, पोट चरबीने कडक झाले आहे आणि हाडांत एकच बोट जेमतेम शिरते, ती खुशाल बाजारात न्या. तीन-चार वर्षांची म्हातारी कोंबडीही काढावी. जुनीच्या मायेपोटी तलंगांचे दाणे कमी होतात.

त्याआधी एक चौकशी अवश्य करा. अंडी खरोखर थांबली आहेत की तुम्हांला सापडत नाहीत? गावरान कोंबडी मोठी लबाड. शेतातून पऱ्हाट्या येऊन पडल्या, भुसकट साठले, कडब्याची गंजी लागली की तिला नवी जागा मिळते. चार दिवस सकाळी दाणे टाकून पाळत ठेवा, एखादी हळूच कोपऱ्यात सटकते का पाहा. पुष्कळदा मुंगसाला किंवा कुत्र्याला आपल्या आधी पत्ता लागलेला असतो. शिवाय दहा-पंधरा अंडी झाली की आपली गावरान कोंबडी खुडूक बसते, हा तिचा स्वभावच आहे. वर्षाला पन्नास-साठ, फार तर सत्तर अंडी देणारी ही जात. फार्मवरच्या तीनशे अंडी देणाऱ्या पांढऱ्या कोंबडीशी तिची बरोबरी करू नका.

आणि रोगाची गल्लतही करू नका. ऋतूमुळे अंडी कमी होतात ती हळूहळू, एकेक कोंबडी थांबत जाते. सगळ्याच कोंबड्यांनी दोन-तीन दिवसांत एकदम अंडी बंद केली, त्या पेंगू लागल्या, शिंकू लागल्या, हिरवी पातळ विष्ठा टाकू लागल्या किंवा एखादीची मान वाकडी झाली, तर ते हिवाळ्याचे लक्षण नव्हे. राणीखेत असू शकते. आजारी कोंबडी वेगळी ठेवून तडक पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. राणीखेतची लस आधी टोचून घेतलेली असली तर ही धावपळ सहसा करावी लागत नाही.

आता खाण्याकडे वळू. कोणीही म्हणेल, सुगीच्या दिवसांत कोंबड्यांना खायला काय कमी? खळ्यावर धान्य सांडलेले, अंगणात तूर झोडपलेली. बरोबर आहे, पोट भरते. पण पावसाळ्यात त्याच कोंबड्या दिवसभर किडे, नाकतोडे, अळ्या, गांडुळे वेचत होत्या. ते होते त्यांचे मटण-मासळी. हिवाळ्यात जमीन वाळली की किडे कमी होतात आणि राहते नुसते धान्य. ज्वारीत प्रथिने शंभरात दहाच्या आसपास, अंड्यावरच्या कोंबडीला ती सोळाच्या आसपास लागतात. म्हणजे सुगीत आपल्या कोंबड्या चरबी धरतात, पण त्यांचे अंडेही भागत नाही आणि पीसही.

ही तूट भरून काढायला विकतचे खाद्यच आणले पाहिजे असे नाही. सोयाबीन घरचे असते, त्यात शंभराला चाळीसच्या आसपास प्रथिने. पण कच्चे सोयाबीन कोंबडीला मुळीच घालू नका. त्यात पचन अडवणारे द्रव्य असते, कढईत चांगले खमंग भाजले की ते जाते. भाजून भरडलेले सोयाबीन मूठभर, ज्वारीची कणी, तुरीची चुनी, असेल तर करडईची किंवा शेंगदाण्याची पेंड, असे कालवून संध्याकाळी बसण्याआधी द्या. पेंडीला बुरशी लागलेली असेल, कुबट वास येत असेल, तर ती उकिरड्यावर टाका. त्या बुरशीचे विष कोंबडीचे काळीज खाते. सरकीची पेंड म्हशीसाठी ठेवा, कोंबडीला नको. तिने बलकाचा रंग काळपट-हिरवा होतो आणि गिऱ्हाईक अंडे परत करते.

एक जुनी युक्ती आहे, ती आता मागे पडत चालली आहे. फुटके मडके घ्यावे, त्यात ओले शेण, भुसकट, जुन्या पोत्याचा तुकडा कोंबावा आणि वाळवी असलेल्या बांधावर संध्याकाळी उपडे घालावे. सकाळी उचलावे तो आत वाळवी माजलेली असते. ते कोंबड्यांपुढे झटकले की दोन मिनिटांत फस्त. एवढे फुकटचे प्रथिन दुसरे नाही, आणि बांधही साफ होतो.

कवचासाठी चुना लागतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते आणि कवच घडायला वीसेक तास लागतात, तेही बरेचसे रात्री. वापरलेल्या अंड्यांची टरफले भाजून, चुरून वेगळ्या खापरात ठेवा. कोंबडी आपल्या गरजेपुरते उचलते. पाण्याचे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. अंड्यात तीन भाग पाणी आणि एक भाग बाकी सगळे. थंडगार शिळ्या पाण्याला कोंबड्या सकाळी तोंड लावत नाहीत. विहिरीचे किंवा हापशाचे ताजे पाणी सकाळी कोमट असते, तेच ठेवा.

खुराड्याची भोके थंडीच्या भीतीने पोती कोंबून बंद करणाऱ्या बायाही मी पाहिल्या आहेत. वारा अंगावर येणारी बाजू झाका, पण वरची फट मोकळी ठेवा. आत विष्ठेची वाफ कोंडली की डोळ्यांना झोंबते आणि सर्दी धरते. थंडीने मरतात त्याहून अधिक कोंबड्या या कोंडण्याने मरतात असे माझे मत आहे.

राहिला दिवा. खुराड्यात विजेचा दिवा लावावा का, असे पुष्कळजण विचारतात. खर्च तर काहीच नाही. ९ वॉटचा एलईडी दिवा पहाटे चार ते सात असा तीन तास लावला तरी महिन्याला एक युनिटही पुरते होत नाही. दिवा पहाटेच लावावा. संध्याकाळी लावून एकदम विझवला तर कोंबड्या जिथल्या तिथे अंधारात उभ्या राहतात, त्यांना बसायची दांडी सापडत नाही. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, मग तास, असे वाढवत न्या, आणि वेळ ठरली की ती मोडू नका. आज लावला, उद्या विसरला, परवा वीज गेली असे होणार असेल तर न लावलेला बरा. वायर गवताला, पेंढ्याला टेकणार नाही हे पाहा.

पण फायदा कोणाला? वनराजा किंवा ग्रामप्रिया या सुधारित कोंबड्या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी काढल्या. त्या सहसा खुडूक बसत नाहीत आणि वर्षाला शंभराच्या वर अंडी देतात. अशा कोंबड्या असतील आणि खाणे चांगले असेल तर दिवा उपयोगी पडतो. बाभळीवर झोपणाऱ्या गावरान कोंबडीला दिवा लावून काय करणार? आणि ऐन पिसे टाकताना तर कोणत्याच कोंबडीला दिव्याने छळू नये. तिला तिचे पीस पुरे करू द्यावे. उपाशी कोंबडीला दिवा लावणे म्हणजे रिकाम्या घाण्याला बैल जुंपणे आहे.

त्यापेक्षा हिवाळ्यात अंडी हवी असतील तर तजवीज आदल्या माघातच करावी लागते. तलंग आपल्या पहिल्या हिवाळ्यात सहसा पिसे टाकत नाही. म्हणून ज्यांच्या घरी दोन-चार नव्या तलंगा असतात त्यांच्या चुलीवर मार्गशीर्षातही अंडे शिजते. आणि त्याच दिवसांत थंडीमुळे मागणी वाढून अंड्यांचे भाव चढलेले असतात. माघात अंडी बसवली की २१ दिवसांत पिल्ले निघतात. वैशाखातले कडक ऊन यायच्या आत ती पिसांनी भरतात आणि सहा-सात महिन्यांच्या तलंगा दिवाळीच्या आधी अंड्यावर येतात. चैत्र-वैशाखात बसवाल तर निम्मी अंडी उन्हानेच नासतात आणि निघालेली पिल्लेही उन्हाला टिकत नाहीत.

२२ डिसेंबरनंतर दिवस पुन्हा मोठा होऊ लागतो, पण सुरुवातीला तो तिळातिळाने वाढतो. कोंबडीचे पीसही अजून पुरे झालेले नसते. संक्रांतीच्या आसपास तुऱ्यावर लाली चढू लागते आणि महाशिवरात्रीपर्यंत बहुतेक खुराडी पुन्हा भरतात. तोवर एवढे करा. आज रात्री खुराड्यात हात घालाल तेव्हा ज्या कोंबड्या कार्तिकापर्यंत अंडी देऊन आता लांड्या झाल्या आहेत, त्यांच्या पायात लुगड्याच्या काठाची लाल चिंधी सैल बांधून ठेवा. माघात बसवायला अंडी घ्याल ती त्याच कोंबड्यांची घ्या.